फूसीला दिवस गेलेत

निउआफोऊ
२५ एप्रिल १९७६

प्रिय तोआकासे,

उभी असशील तर आधी खाली बस. बसलीस? तू आजी होणार आहेस.

फूसीला दिवस गेलेत, चौथा महिना लागतोय. तिनं मला बजावलं होतं, "आईला मी स्वतः लिहीन, तुम्ही घाई करू नका." पण ती लिहायला बसते आणि ओकायला उठते. बोट खोबरं भरून उद्या निघेल, पुढची कधी येईल ते कप्तानालाही माहीत नसतं, आणि आमचं तारेचं यंत्र मार्चच्या वादळापासून मुकं आहे. म्हटलं, तुझी लेक रागावली तर रागावली. ही बातमी पोटात ठेवण्याएवढं माझं पोट मोठं नाही.

माझा फेलेती तर कामातूनच गेलाय. चर्चमध्ये इतक्या मोठ्यानं गातो की पाद्रीबुवांनी त्याला मागच्या बाकावर नेऊन बसवलं. त्याचे वडील परवा कुऱ्हाड घेऊन फणसाच्या झाडाभोवती फिरत होते. पाळण्याला लाकूड बघत असतील.

तुझी लेक अजून आमच्या वाऱ्याला नावं ठेवते, आमच्या रस्त्याला नावं ठेवते. पण तळ्याकाठच्या गरम वाळूत मलाऊ पक्ष्याची अंडी मिळतात ना, ती उकरून आणली की दोन दोन खाते आणि मग नावं ठेवत नाही. मी तिला काही कमी पडू देणार नाही.

डोंगर फुटला आणि आपल्या लोकांना इथून उचलून एउआला नेलं, तेव्हा सगळे म्हणाले, त्या धगधगत्या डोंगरावर आता कोण संसार मांडणार. आम्ही परत येऊन मांडला. तू तिकडेच राहिलीस, तुझी मर्जी. पण माझा नातू इथे जन्मेल, या काळ्या दगडांवर, हे लिहितानासुद्धा मला बरं वाटतंय.

तुझी विहीण, आणि मिशनच्या शाळेत तुझ्या वाटच्या छड्या खाल्लेली,
लेसिएली


एउआ
३० मे १९७६

लेसिएली,

तुझं पत्र मला बाजारात मिळालं. बोटीवरचा माणूस ते घेऊन आला तेव्हा मी कोनफळांच्या ढिगाशी उभी होते. बसले नाही, उभ्यानंच वाचलं. लेकीची बातमी विहिणीकडून कळावी हे मला झोंबलं, लपवत नाही. पण मग कोनफळवालीला मी आपणहून सांगितलं, "माझी फूसी आई होणार," आणि तिनं गळ्यात पडून माझे दोन्ही गाल ओले केले. सगळा बाजार मला आजी म्हणून हाका मारायला लागला. तोवर छान होतं.

घरी आले आणि चूल तशीच सोडून हे पत्र लिहायला बसले.

लेसिएली, मी एकच मागते. फूसीला जूनच्या बोटीनं माझ्याकडे पाठव. पहिलटकरीण आहे. इथे नर्स आहे, नुकुअलोफाचा मोठा दवाखाना जवळ आहे, काही लागलं तर तासाभरात होडी मिळते. बाळंतपण झालं की मी स्वतः दोघांना तुझ्या दारात आणून सोडीन. तुमच्या बेटावर पाय ठेवणार नाही असं मी म्हणाले होते, पण तुझ्या खडकापर्यंत येईन.

आणि काही विचारते, हसू नकोस. सकाळी उठते तेव्हा तिचा चेहरा सुजलेला असतो का? अंगठी बोटात फिरते का? डोकं दुखतं म्हणते का?

मेलिआमे तुला आठवत असेल. माझ्या थोरल्या बहिणीबद्दल मी फूसीला कधी काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तोआकासे


निउआफोऊ
११ जुलै १९७६

प्रिय तोआकासे,

बोट आली आणि गेली, आणि फूसी तिच्यात नव्हती. तू रागावशील म्हणून आधीच सांगते, मी कुणाला बांधून ठेवलेलं नाही. त्या दिवशी लाटा खडकावर अशा आपटत होत्या की खोबऱ्याची चार पोती पाण्यात गेली. पोटुशीला मी त्या होडीत कशी उतरवू? तूच सांग.

आणि घाबरण्यासारखं आहे काय? आमच्या दवाखान्यातला सेमिसी कंपाउंडर अधूनमधून येऊन बघून जातो. काही म्हणाला नाही. तब्येतीचं विचारशील तर तू तिला ओळखणार नाहीस. तुझ्याकडून आली तेव्हा नुसती काठी होती. आता गाल वर आलेत, पाय गुबगुबीत झालेत, चेहरा कसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा. बायका येऊन म्हणतात, लेसिएलीच्या सुनेला बघा, सासरचं अन्न अंगी लागलंय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. अंगठी फिरत नव्हती, फेलेतीनं साबण लावून काढली. दोऱ्यात ओवून गळ्यात घालते म्हणत होती, मी घालू दिली नाही. पोटुशीनं गळ्यात काही घातलं की पोराच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो. डब्यात ठेवलीय.

मेलिआमेचं आता काढू नकोस. तिला बाहेरचं लागलं होतं, हे सगळ्या बेटाला माहीत आहे. भर दुपारी केस मोकळे सोडून तळ्यावर गेली होती. मी फूसीला तळ्याच्या वाटेला फिरकूही देत नाही. माझ्यावर थोडा भरवसा ठेव. मीही चार पोरं काढलीत.

लेसिएली


एउआ
१ ऑगस्ट १९७६

विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा नर्सला वाचून दाखवलं.

मेलिआमे तळ्यावर गेली होती, हे खरं. मीच बरोबर होते. मी दहा वर्षांची होते, त्यामुळे पुढचंही मी पाहिलं. तीही अशीच भरली होती. आमची आई शेजारणींना बोलावून दाखवायची, माझ्या लेकीचे गाल बघा. मग तिचं डोकं दुखायला लागलं. मग म्हणाली, अंगण धूसर दिसतंय. एका रविवारी चर्चहून येऊन आम्ही जेवायला बसलो आणि तिच्या हातातला घास खाली पडला. अंग ताठ झालं, डोळे वर गेले, जीभ चावली गेली. बाहेरचं काढायचं म्हणून लोकांनी पाला चोळला, कानात फुंकरी मारल्या. दिवस मावळायच्या आत ती गेली, पोटातल्यासकट. बाहेरचं काही नव्हतं, विहीणबाई. जे होतं ते आतलंच होतं.

नर्सनं त्या दुखण्याचं नाव सांगितलं. लांबलचक होतं, मी विसरले. पण ती पुढे म्हणाली ते विसरले नाही. बाळ बाहेर काढतात तेव्हाच आई वाचते, आणि ते काम चटईवर होत नाही, डॉक्टर लागतो. "तुमच्या बहिणीला झालं असेल तर मुलीलाही होऊ शकतं," असं म्हणून ती माझ्याकडे बघेना.

फूसीच्या नडगीवर अंगठा दाबून बघा. खळगा तसाच राहिला तर वाट बघू नका. खारवलेलं मटण देऊ नका. उजेडापासून, आवाजापासून लांब डाव्या कुशीवर झोपवा. पाला चोळू नका.

मी येतेय. हे पत्र ज्या बोटीनं येईल तिच्या पुढच्याच बोटीनं. मेलिआमेच्या कबरीवरून लाव्हा गेला तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, आता त्या जागी मला कुणी नेणार नाही. तरी येतेय. फूसीला तयार ठेवा.

तोआकासे


निउआफोऊ
८ ऑगस्ट १९७६

आई,

हे पत्र तुला एकटीला. अक्षर वेडंवाकडं आलंय, माफ कर. ओळी एकमेकींवर चढतात. डोकं दुखतं म्हणून सासूबाईंनी खिडकीला चटई लावून दिलीय, अंधारात लिहितेय.

काळजी करू नकोस, माझं इथे फार लाडाकोडाचं चाललंय. आंघोळीचं पाणीसुद्धा फेलेती आणतो. सासूबाई रोज पाय चोळतात. काल चोळून झालं तर त्यांच्या बोटांचे खळगे पायावर तसेच राहिले, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसे. आम्ही दोघी हसलो. मग त्या एकदम उठून गेल्या.

एक गंमत सांगते. दुपारी डोळ्यांपुढे ठिणग्या नाचतात. रात्री समुद्रातल्या खडकांवर मासे धरायला गेलेल्यांच्या मशाली लांबून दिसतात ना, अगदी तशा. फेलेतीला सांगितलं तर म्हणतो, तुझं बरं आहे, तुला दिवसाढवळ्या मशाली.

परवा सेमिसी येऊन गेला. दाराबाहेर सासूबाईंशी बराच वेळ बोलत होता. मला नुसता 'बोट' एवढा शब्द ऐकू आला. विचारलं तर म्हणाल्या, खोबऱ्याच्या बोटीचं बोलत होता.

बाळ आता कमी हलतं. झोपाळू आहे, बापावर गेलंय.

तू येऊ नकोस आई, समुद्र फार वाईट आहे. तुला बोट लागते. मी ठीक आहे.

तुझी फूसी


बोटीवरून, तुमच्या किनाऱ्यासमोर
२८ ऑगस्ट

लेसिएली,

मला तुमचा धूर दिसतोय. खडकावर उभ्या असलेल्या बायका दिसतायत, त्यात तू असशील. सकाळपासून बोट नुसत्या येरझाऱ्या घालतेय. कप्तान म्हणतो, या लाटेत माणूस उतरवणार नाही. टपाल डब्यात घालून होडीवाल्यांकडे देईन आणि वावाऊला परत फिरेन, म्हणतो. मी त्याच्या हातापाया पडले. म्हटलं, मला पाण्यात सोडा, मी पोहते. त्यानं माझ्यापाशी एक खलाशी बसवून ठेवलाय.

फूसीचं पत्र मला नुकुअलोफाच्या धक्क्यावर मिळालं, बोटीत चढता चढता. पायावरचे खळगे. मशाली. बाळ कमी हलतं. तिला कळलेलं नाही ती काय लिहितेय. तुला कळलंय, म्हणून तू उठून गेलीस.

आता माझं ऐक. मला उतरवता येत नसेल तर तिला चढवा. तिला होडीत घाल. वावाऊच्या दवाखान्यात डॉक्टर आहे, उद्यापर्यंत पोचू. कप्तान दुपारपर्यंत थांबतो म्हणाला, त्याच्यापुढे नाही.

माझ्यावर राग असेल तो नंतर काढ. मी जन्मभर ऐकून घेईन. उत्तर लिहीत बसू नकोस, उत्तर म्हणून तिलाच पाठव.

तोआकासे


तोआकासे,

पेन्सिल मिळाली तेवढ्यावर लिहितेय. सकाळची चर्चची घंटा व्हायची होती आणि फूसी ताठ झाली. जीभ चावली. तू लिहिलं होतंस तस्संच, एकही गोष्ट वेगळी नाही. आता श्वास चालू आहे, डोळे उघडत नाही.

फेलेतीचे वडील म्हणतात, या पाण्यात नेली तर वाटेतच जाईल. पाद्रीबुवा म्हणतात, घरात तरी शांतपणे जाऊ दे. सगळे पुरुष नको म्हणतायत. फेलेती कोपऱ्यात बसलाय. मी त्याला हाताला धरून उठवलं आणि म्हटलं, दार काढ.

दाराच्या फळीला तिला बांधतेय, खाली-वर चटया घालून. मोठी होडी काढायला लावलीय. मी तिच्या डोक्याशी बसते.

हे घेऊन छोटी होडी पुढे येतेय, आम्ही तिच्या मागोमाग. कप्तानाला सांग, खोबऱ्याची पोती उचलतात ती जाळी सोडून ठेव. तिला धक्का लागता कामा नये.

ले.


वावाऊ
९ सप्टेंबर १९७६

लेसिएली,

फूसी जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला वाचता येईल.

जाळी वर येत होती तेव्हा मी कठड्याला धरून उभी होते. लाटेनं होडी उचलून बोटीच्या लोखंडावर आपटली, ते मी वरून पाहिलं. फळी आणि लोखंड यांच्यामध्ये तुझा हात होता. तू तो काढला नाहीस, कारण काढला असतास तर फूसीचं डोकं आपटलं असतं. मग होडी लांब गेली आणि तू हात पोटाशी धरून खाली बसलीस. मी तुला हाका मारल्या. वाऱ्यात तुला ऐकू आल्या नसतील.

वाटेत तिला दोनदा झटके आले. खलाशांनी तिच्यावर शीड धरलं, ऊन लागू नये म्हणून. कुणी मोठ्यानं बोललं नाही, मी सांगायच्या आधीच सगळ्यांनी आवाज खाली आणले होते. वावाऊला पोचलो तेव्हा धक्क्यावर गाडी उभी होती. कप्तानानं बिनतारीवरून कळवलं होतं. डॉक्टरनं तिला सरळ आत नेलं.

मुलगा झाला. दोन तळव्यांत मावेल एवढा. कपाळ फेलेतीचं, नखं पूर्ण आलेली. रडला नाही, मांजराच्या पिलासारखा थोडा आवाज केला. मी त्याला छातीशी धरून बसले होते. माझ्या वाटचं धरलं, मग तुझ्या वाटचंही धरलं. दोन दिवस होता.

आपण दोघी दोन दिवस आजी होतो, लेसिएली.

फूसीनं डोळे उघडले तेव्हा त्याला मातीत ठेवून झालं होतं. तिला मीच सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. एका डोळ्यानं नीट दिसायला लागलंय, दुसऱ्याचं डॉक्टर म्हणतो, येईल. मग एके सकाळी पेज पिता पिता तिनं मला सांगितलं की सेमिसीनं तुला जूनमध्येच सांगितलं होतं, सुनेला बोटीनं पाठवा म्हणून. आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. दाराबाहेरचं बोलणं तिला सगळं ऐकू आलं होतं. मी चिडले. म्हटलं, मग तू गप्प का राहिलीस, मला पत्रात का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "त्या इतक्या खूश होत्या, आई."

मी तुला माफ केलं असं लिहायला बसले होते. तसं लिहवत नाही. आणि तू तिला फळीला बांधून आणली नसतीस तर आज मी कुणाला पेज पाजत असते, हेही डोक्यातून जात नाही. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही बाळगून आहे.

फूसी परत बेटावर येणार नाही. हे मी तिच्या तोंडी घातलेलं नाही, तिनंच सांगितलं. फेलेतीला बायको हवी असेल तर त्यानं इकडे यावं. तिला तो हवा आहे, तेही तिनं सांगितलं.

पोराचं नाव राहिलंय. कबरीभोवती मी काळे खडे लावलेत, पण पाटीवर काय लिहू? नावाचा हक्क बापाच्या बहिणीचा, तुझ्या वाइसिमाचा. तिचा हक्क मी घेणार नाही. नाव कळव.

तुझा हात कसा आहे?

तोआकासे


निउआफोऊ
३ ऑक्टोबर १९७६

तोआकासे,

डाव्या हातानं लिहितेय, म्हणून थोडक्यात. उजव्याची दोन बोटं गेली. सेमिसीनं नीट शिवलंय. बाकीची वळत नाहीत.

त्यानं मला सांगितलं होतं. जूनमध्येही. मला वाटलं, पोरगा शहरात शिकून आलाय, ऊठसूट सगळ्यांना बोटीत घालतो. आणि मला नातू इथे हवा होता. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही. सेमिसी अजून रोज पट्टी बदलायला येतो, त्या विषयावर एक शब्द बोलत नाही. बोलला असता तर सोपं गेलं असतं.

फूसीला सांग, तिनं यावं असं मी म्हणणार नाही. तिचा डबा, तिचे कपडे, अंगठी, सगळं फेलेतीबरोबर पाठवतेय. तो याच बोटीनं येतोय. राहायला येतोय. त्याच्या वडिलांनी दोन दिवस तोंड फिरवलं, आज सकाळी स्वतःच त्याची पेटी खडकापर्यंत उचलून नेली.

वाइसिमानं नाव दिलंय. सिओसाइआ. फेलेतीच्या आजोबांचं. ते खूप जगले होते.

फेलेतीजवळ एक चटई आहे. बारीक पातीची, पोराला गुंडाळायला विणत होते. एक कड राहिली. वाइसिमा म्हणाली, मी पुरी करते. मी करू दिली नाही. फूसीला बसवलं तर तिनं विणावी, नाहीतर तू वीण. दोघींना जमलं नाही तर तशीच अंथर त्याच्यावर. एक कड अपुरी राहिली तरी त्याला ऊब लागेल.

सिओसाइआची आजी,
लेसिएली